कात्री तपासणीलाच का लागते?

[दृश्य: तपासणीची खोली. ट्रेमध्ये स्पेक्युलम, कापसाचे बोळे, छोट्या वाटीत पाण्यासारखा दिसणारा द्रव.]

या वाटीत पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड आहे. तीव्रता तीन ते पाच टक्के, म्हणजे साध्या व्हिनेगरएवढीच. नर्स कापसाचा बोळा त्यात बुडवते, गर्भाशयाच्या मुखावर हलक्या हाताने टेकवते आणि घड्याळाकडे बघते. एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बिघडायला लागल्या असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. दाट पांढरा, कडा स्पष्ट दिसणारा. याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. लागतो तो चांगला उजेड, आणि काय बघायचं हे शिकलेली नजर.

हा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे कधीतरी तिथे कॅन्सर होऊ शकतो, एवढंच तो सांगतो. बऱ्याच बायकांच्या बाबतीत ती जागा त्याच खोलीत जाळून टाकता येते. हातात मावणारं एक उपकरण असतं, त्याचं टोक शंभर अंशांच्या आसपास तापतं, आणि काम काही मिनिटांत उरकतं. बाई स्वतःच्या पायांनी घरी जाते.

बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो इथे रोखला जातो. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग शरीरात ठाण मांडून बसला, तर त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाच ते दहा. इतकी मोठी मुदत देणारे आजार फार थोडे आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे साडेतीन लाख बायका त्याने गेल्या. त्यातल्या ९४ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या.

औषध सापडत नाही म्हणून होणारे हे मृत्यू नाहीत. पंधरा वर्षांच्या त्या मुदतीत कोणी त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून झालेले हे मृत्यू आहेत. आणि पोचायला पैसे लागतात.

[दृश्य: अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड. पानं उलटणारा हात. एका ओळीवर बोट थांबतं.]

सरकारकडे पैशांची ओढाताण झाली की खर्चाला कात्री लागते, यात नवीन काही नाही. ती कुठे लागते, ते बघण्यासारखं आहे. रुग्णालयाचं बांधकाम थांबलं तर अर्धवट भिंती सगळ्यांना दिसतात. डायलिसिस बंद पडलं तर आठवड्याच्या आत आरडाओरडा होतो. पण तपासणीला बोलावणारं पत्र गेलं नाही, आरोग्यसेविकेची फेरी रद्द झाली, दवाखाना आठवड्यात पाच दिवसांऐवजी दोनच दिवस उघडा राहिला, तर तक्रार कोण करणार? जिला पत्र मिळालं नाही, तिला ते यायचं होतं हेच माहीत नसतं. तिला काही दुखत नसतं. कात्री चालवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

नुकसान कळतं ते दहा-पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच सरकारच्या काळात, दुसऱ्याच खात्याच्या खर्चात. कपात करणाऱ्याच्या हिशेबात मात्र त्या वर्षी बचत दिसते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: तपासणी बंद कुठे केलीय, ती तर चालूच आहे. हे उत्तर तपासून बघू.

पॅप तपासणी म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काढून काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी तिच्यावरचा ग्रंथ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यामागच्या संशोधनासाठी त्यांची पत्नी आंद्रोमाखी हिने स्वतःच्या पेशींचे नमुने कित्येक वर्षं दिले. तपासणीला तिचं नाव नाही, पण जगभरातल्या बायकांच्या आधी ती या तपासणीला सामोरी गेली होती, हे सांगायला हवं.

ब्रिटनमध्ये ही तपासणी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून होत होती. फुकट होत होती. तरी वीसेक वर्षं मृत्यूंवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. कारण तपासणी होती, पण बोलावणं नव्हतं. डॉक्टरकडे ज्यांचं या ना त्या कारणाने जाणं होतं, त्या तरुण बायकांची तपासणी पुन्हा पुन्हा व्हायची. ज्यांना खरा धोका होता, त्या मोठ्या वयाच्या बायका तिकडे फिरकतच नव्हत्या. १९८८ साली तिथे यादी तयार झाली. प्रत्येक बाईचं नाव संगणकावर, ठरावीक वर्षांनी घरी पत्र, आली नाही तर पुन्हा पत्र. इंग्लंडमध्ये तपासणी झालेल्या बायकांचं प्रमाण १९८८ मध्ये ४२ टक्के होतं, १९९४ मध्ये ते ८५ टक्क्यांवर गेलं, आणि मृत्यू झपाट्याने खाली आले.

तपासणी तीच, पेशी काढायची चपटी काडी आणि काच तीच. बदललं होतं ते पत्र, यादी आणि यादी सांभाळणारा माणूस. प्रतिबंधाच्या कामातला बराच पैसा या गोष्टींवर खर्च होतो. अर्थसंकल्पात त्यांना ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि पहिली कात्री तिथेच बसते. मग दवाखान्याची पाटी जागेवर राहते, मंत्र्यांना ‘सेवा चालू आहे’ असं सांगताही येतं, आणि बायका येत नाहीत.

[दृश्य: पायवाटेने चालणाऱ्या आरोग्यसेविका. खांद्याला पिशवी, हातात नोंदवही.]

बोलावलं तर किती फरक पडतो, याचं जगातलं एक ठळक उत्तर महाराष्ट्रातून आलं. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला आत्ता पाहिली ती ॲसिटिक ॲसिडची तपासणी. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा.

एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच केली गेली. एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. जवळपास तेवढ्याच आकाराच्या चौथ्या गटात ६४ गेल्या. पुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर पहिल्या गटात ३९ होते, चौथ्यात ८२. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीचा वेगळा अभ्यास केला. सुमारे दीड लाख बायका, आणि तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ‘एवढे डॉक्टर आणायचे कुठून’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

पण चौथ्या गटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या बायकांना तपासणी मिळाली नाही, त्यांच्यावर अन्याय झाला का, यावर नंतर मोठा वाद झाला. जगभरातल्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारले. विचारायलाच हवे होते. उपाय माहीत असताना काही बायकांना त्याशिवाय ठेवायचं असेल, तर कोणीतरी जाब दिला पाहिजे.

आता अर्थसंकल्पाकडे या. प्रतिबंधाची तरतूद कमी होते तेव्हा हजारो, कधी लाखो बायका त्या चौथ्या गटात ढकलल्या जातात. त्यांची संमती कोणी घेत नाही. नैतिकता समितीची बैठक होत नाही. आठ वर्षांनी त्यांच्यातल्या किती गेल्या, हे मोजायला कोणी येत नाही. एका अभ्यासाला जो जाब विचारला गेला, तो अर्थसंकल्पाला विचारला जात नाही, हे आम्हाला मान्य नाही.

[दृश्य: नकाशा. अमेरिकेचं टेक्सास राज्य. एकेक ठिपका विझत जातो.]

एका ठिकाणी मात्र कपातीनंतर काय झालं ते मोजलं गेलं. टेक्सास, वर्ष २०११. राज्याच्या विधिमंडळाने दोन वर्षांसाठीची कुटुंबनियोजनाची तरतूद ११ कोटी १० लाख डॉलरवरून ३ कोटी ७९ लाखांवर आणली. दोन तृतीयांश रक्कम एका झटक्यात गेली. नाव कुटुंबनियोजनाचं असलं तरी या दवाखान्यांत गर्भनिरोधकांसोबत पॅप तपासणी व्हायची, स्तनांची तपासणी व्हायची, रक्तदाब बघितला जायचा, लैंगिक आजारांची चाचणी व्हायची. विमा नसलेल्या कितीतरी बायकांसाठी वर्षभरात भेटणारा हा एकमेव दवाखाना होता.

रोख होता गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थांवर, मुख्यतः ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड’ या संस्थेवर. त्या वादात कोणाची काहीही भूमिका असो, एवढं लक्षात घ्या की हा निधी गर्भपातासाठी वापरताच येत नव्हता. तो तपासणीचा आणि गर्भनिरोधकांचा पैसा होता.

टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे काय झालं त्याची नोंद ठेवली. ८२ दवाखाने बंद पडले किंवा त्यांनी ही सेवा देणं थांबवलं. राज्यातला दर चौथा दवाखाना. प्लॅन्ड पॅरेंटहूडशी यातल्या जेमतेम एक तृतीयांश दवाखान्यांचा संबंध होता, बाकीचे सरकारी आणि साधे सामाजिक दवाखाने होते. निधी मिळणाऱ्या संस्थांकडे येणाऱ्यांची संख्या ५४ टक्क्यांनी घटली. जे दवाखाने तग धरून राहिले त्यांतल्या कित्येकांना पूर्वी फुकट असलेल्या सेवेसाठी पैसे घ्यावे लागले. काही दुखत नसताना, घरातले बाकीचे खर्च समोर असताना, स्वतःच्या तपासणीसाठी पैसे मोजणारी बाई विरळा. ती पुढच्या महिन्यावर ढकलते, आणि मग पुढच्या वर्षावर.

२०१३ पासून राज्याने प्लॅन्ड पॅरेंटहूडला महिलांच्या आरोग्य कार्यक्रमातूनच वगळलं. बायकांना दुसरे डॉक्टर आहेत, असं सांगण्यात आलं. मग ज्या जिल्ह्यांत तिचे दवाखाने होते तिथल्या, दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला. पुढचं इंजेक्शन वेळेवर घेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं आणि सरकारी खर्चाने झालेली बाळंतपणं २७ टक्क्यांनी वाढली. दुसरे डॉक्टर कागदावर होते.

२०१२ च्या अखेरीला राज्याच्याच यंत्रणेचा अंदाज समोर आला: या धोरणामुळे २०१४ आणि २०१५ मिळून सुमारे २४ हजार जास्तीची बाळंतपणं होतील आणि करदात्यांवर २७ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत बोजा पडेल. सात कोटींची बचत करायला निघालेल्या सरकारसमोर हा आकडा होता. २०१३ मध्ये विधिमंडळाने महिलांच्या आरोग्यासाठी पुन्हा मोठी रक्कम मंजूर केली. पण बंद झालेला दवाखाना पैसे आले म्हणून लगेच उघडत नाही. नर्स दुसरीकडे नोकरीला लागलेली असते, जागेचा करार संपलेला असतो, आणि जिची तपासणी दोन वर्षं चुकली, ती कुठे आहे हे सांगणारी नोंदवही अद्ययावत नसते.

[दृश्य: गरोदर बाईच्या दंडातून रक्ताचा नमुना घेतला जातोय.]

कॅन्सर हे एकच उदाहरण झालं. गरोदरपणात एका रक्तचाचणीने सिफिलिस कळतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. अमेरिकेत २०१२ साली जन्मतः सिफिलिस झालेल्या बाळांची संख्या ३३५ होती. २०२२ मध्ये ती ३,७६१ झाली. त्यातली २८० हून जास्त बाळं मृत जन्मली किंवा जन्मानंतर दगावली. वेळेवर चाचणी आणि उपचार झाले असते तर दहापैकी जवळपास नऊ प्रकरणं टळली असती, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं. कारणं अनेक आहेत. पण सार्वजनिक आरोग्याच्या यंत्रणेची वर्षानुवर्षं झालेली उपासमार हे त्यातलं एक मोठं कारण आहे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, पेनिसिलिन हाताशी असताना हे घडलं.

आणि कपात नेहमी कपात म्हणून येत नाही. अमेरिकेचा ‘टायटल टेन’ हा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९७० साली रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या सहीने सुरू झाला. २०१४ मध्ये त्याची तरतूद २८ कोटी ६५ लाख डॉलर होती. दहा वर्षांनंतरही नेमकी तेवढीच. औषधं महागली, पगार वाढले, भाडी वाढली, आकडा जागचा हलला नाही. कपातीचा ठराव मंजूर झाला नाही, आणि तरी कपात झाली. म्हणून ‘तरतूद कायम ठेवली आहे’ हे वाक्य ऐकलं की महागाईचा दर विचारायचा.

खर्च वाचतो, हा मुद्दाही या लढ्यात उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या गुटमाकर संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की सरकारी कुटुंबनियोजन सेवांवरच्या दर डॉलरमागे सरकारचे साधारण सात डॉलर वाचतात. अर्थखात्याशी बोलताना हा आकडा जरूर मांडावा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये, असं आम्हाला वाटतं. पासष्टीच्या बाईच्या स्तनातली गाठ वेळेत सापडली तर तिजोरीत भर पडेलच असं नाही. ती जगेल. तिच्या जगण्यासाठी खर्च करायला एवढं कारण पुरे.

[दृश्य: शाळेच्या वर्गाबाहेर लसीसाठी उभ्या मुली.]

वेळेवर खर्च केलेल्या पैशाने काय होतं, तेही बघा. स्कॉटलंडने २००८ साली बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेतच एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात केली. त्या वयात पूर्ण लस घेतलेल्या मुलींपैकी एकीलाही हा कॅन्सर झाल्याचं आढळलं नाही, हे २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. सोळा वर्षांपूर्वीच्या एका तरतुदीचं ते फळ होतं. ज्यांनी ती मंजूर केली त्यांना त्या वर्षी दाखवायला काहीही नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सगळ्या देशांसमोर उद्दिष्ट ठेवलं: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. यातला शेवटचा आकडा सगळ्यात कमी बोलला जातो. डाग सापडला पण पुढच्या उपचाराचे पैसे कापले गेले, तर त्या बाईच्या हाती फक्त भीती उरते.

[दृश्य: सभागृहाबाहेर फलक घेऊन उभ्या असलेल्या बायका. त्यांच्यात नर्स, डॉक्टर, आया, विद्यार्थिनी.]

कपातीला विरोध म्हणजे नुसत्या घोषणा नव्हेत. अर्थसंकल्प मांडला की प्रतिबंधाच्या ओळी शोधाव्या लागतात, आणि त्या क्वचितच एका जागी असतात. गेल्या वर्षी जाहीर केलेल्या रकमेतली प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे आधी विचारायचं, कारण मंजूर होऊनही न वापरलेला पैसा हीदेखील कपातच असते. मग विचारायचं की या रकमेत किती बायकांची तपासणी होणार आणि गेल्या वर्षी किती झाली होती. किती जणींना दोष सापडला, त्यातल्या किती जणी उपचारापर्यंत पोचल्या. यादी कोण सांभाळतं आणि त्याचा पगार कुठल्या शीर्षकाखाली आहे. दवाखाना बंद होणार असेल तर तिथल्या बायकांच्या नोंदी कोणाकडे जाणार, आणि जवळचा दुसरा दवाखाना चालत किती अंतरावर आहे.

आपल्या लोकप्रतिनिधीला हे प्रश्न पत्राने पाठवा, सभेत उभं राहून विचारा. उत्तर लेखी मागा, आणि मतदानाच्या आधी मागा.